नवी 'शारदा' कोण लिहिणार?

कायदा आधी की समाजमन आधी, हा वाद महाराष्ट्राला नवा नाही. १८९१ साली संमतिवयाचा कायदा आला आणि मुलीचे संमतिवय १० वरून १२ वर्षांवर गेले. परक्या सरकारने यात हात घालू नये, सुधारणा समाजातूनच यावी, ही लोकमान्य टिळकांची भूमिका. ती समाजातून यायची कशी, याचे एक उत्तर आठच वर्षांनी रंगभूमीने दिले. १८९९ मध्ये गोविंद बल्लाळ देवलांचे 'संगीत शारदा' रंगमंचावर आले.

बोहल्यावर चढायला निघालेला जख्ख म्हातारा भुजंगनाथ, पैशासाठी पोटची मुलगी देणारा कांचनभट, मधला दलाल भद्रेश्वर दीक्षित. ही माणसे प्रेक्षकांनी आपापल्या आळीत पाहिली होती. देवलांनी धर्माला शिव्या दिल्या नाहीत. लग्न मोडते ते सगोत्रतेच्या आक्षेपावर, म्हणजे शास्त्राच्याच आधाराने. रत्नागिरीच्या स्थानबद्धतेत स्वातंत्र्यवीर सावरकरांनी अस्पृश्यतेविरुद्ध लिहिलेले 'उःशाप' (१९२७) याच कुळीचे; १९३१ मध्ये त्याच गावात पतितपावन मंदिर सर्व हिंदूंसाठी उघडले. समाजाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करून घोषणा देणाऱ्या पथनाट्यांना हे मर्म क्वचितच उमगले.

१९२९ मध्ये हरविलास सारडा यांच्या विधेयकाचा कायदा झाला. मराठी माणूस त्याला 'शारदा कायदा' म्हणू लागला, हा नामसाधर्म्याचा योगायोग, पण बोलका. कायदा नाटकामुळे झाला, असे म्हणणे अतिशयोक्ती ठरेल. मात्र तो आला तेव्हा मराठी प्रेक्षक तीस वर्षे भुजंगनाथाला हसून मोकळा झाला होता.

आणि तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या १०० तरुणींपैकी सुमारे २२ जणींचे लग्न अठराच्या आत झालेले होते. २००६ चा कडक कायदा असताना! कारण आजचा भुजंगनाथ म्हातारा नाही. तो पंचविशीचा, कमावता, शेतीवाडी असलेला आहे. त्याला 'चांगले स्थळ' म्हणतात. आजचा कांचनभटही लोभी नाही, काळजीने पोखरलेला बाप आहे. कॉलेज लांब, एस.टी. वेळेवर नाही, दिवस वाईट. महामार्गावरच्या शिवरे गावातून पुणे हाकेवर वाटते; राजगड-तोरण्याच्या पोटातल्या वाडीतून तेच पुणे फार दूर असते. ज्या ग्रामपंचायत अधिकाऱ्याने बालविवाह रोखायचा, त्याला त्याच गावात उठबस करायची असते. सारे गाव पंगतीला बसलेले असताना एकट्याने मांडवात उभे राहणे सोपे नव्हे.

या बापाला हसून चालणार नाही. त्याची भीती समजून घेणारा आणि तरीही त्याला अडवणारा वग कुणी लिहिलेला दिसत नाही. भोर आणि राजगड तालुक्यांत उन्हाळ्यात गावोगावच्या यात्रा भरतात. रात्रीच्या तमाशाला सारा गाव जमतो, मुलीचा बापही आणि वरपक्षही. सभागृहातल्या परिसंवादाला ही माणसे येत नाहीत. यात्रा समितीच्या बैठकांत शाखेतले तरुण असतातच. वर्गणी आणि सुपारी ठरते त्याच बैठकीत वगाचा विषयही ठरू शकतो, आणि त्याच महिन्याच्या ग्रामसभेत मुलींच्या वेळची एस.टी. मागणारा ठरावही.