रतनगडच्या वाटेवरचे पाणी



गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या वस्तीतील बाराजण मिळून आम्ही रतनगडावर जाऊन आलो. बायका-मुले धरून बारा. निघण्याच्या आदल्या रात्री आईला सांगितले की, उद्या डोंगर चढायला चाललो आहोत. ती म्हणाली, "मोळी आणायला?" तिचे बरोबरच होते. तिच्या पिढीच्या बाया डोंगरात गेल्या त्या डोक्यावर मोळी घेऊन उतरण्यासाठी. पदरचे पैसे खर्चून, जीप ठरवून, रिकाम्या हाताने चढायचे आणि रिकाम्या हाताने उतरायचे, हा हिशेब तिला पटेना. आम्ही स्वतः बी.कॉम. झालेले कारकून, तरी तिला तो पटवून देता आला नाही.

ओझरहून पहाटे निघालो. नाशिक, घोटी करीत बारी गावाजवळ आलो तेव्हा कळसूबाईच्या माथ्यावर ऊन आले होते. महाराष्ट्रातील हे सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटर. पुढे शेंडी आणि भंडारदऱ्याचे धरण. प्रवरा नदीवरचे हे दगडी धरण १९२६ साली पुरे झाले. धरणाला विल्सन यांचे आणि तलावाला आर्थर यांचे नाव दिले गेले. ज्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या त्या महादेव कोळी, ठाकर लोकांचे नाव तेव्हा कशालाच दिले नाही. तलावाच्या काठाकाठाने रस्ता रतनवाडीला जातो. तिथले अमृतेश्वराचे जुने कोरीव मंदिर सगळ्यांनी पाहिले आणि नऊच्या सुमारास चढणीला लागलो.

सुरुवातीची वाट ओढ्याच्या सोबतीने चालते. हाच ओढा म्हणजे प्रवरा. पुढे जिच्यावर एवढे ऊस आणि एवढे कारखाने उभे राहिले ती नदी इथे लहान मूल उडी मारून ओलांडते. आमच्या धाकट्याने ती चार वेळा ओलांडली आणि चारही वेळा बूट भिजवले. दोन्ही बाजूंना गच्च झाडी आहे. हा सगळा भाग १९८६ सालापासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहे. आपल्या राज्याचा प्राणी शेकरू इथे आहे म्हणतात. आम्हांला तो दिसला नाही. बारा माणसे बोलत चालली असताना कोण शेकरू थांबेल?

वाटेत एका उतारावर उपळट जमीन लागली. वरून पाणी झिरपत होते, गवत हिरवेगार होते, आणि पुतण्याने पाय टाकला तो नडगीपर्यंत काळ्या चिखलात गेला. सगळे हसले. आमची भाची वनस्पतिशास्त्र शिकते, ती मात्र खाली बसली. तिने आम्हांला बोटाएवढे एक तांबूस रोप दाखवले. पानांवर दवासारखे चिकट थेंब आणि त्यांत अडकलेला एक डास. नावही दवबिंदूच. अशा जमिनीत नत्र कमी असते, म्हणून हे रोप किडे खाऊन आपली भूक भागवते.

मग तिने सांगितले ते आम्ही पहिल्यांदाच ऐकले. आयर्लंड, स्कॉटलंडसारख्या थंड देशांत डोंगरातल्या अशा दलदलीत मेलेले शेवाळ पुरते कुजत नाही. थंडी आणि साचलेले पाणी यांमुळे ते थरावर थर साठत जाते, वर्षाला जेमतेम एक मिलीमीटर. त्याला पीट म्हणतात. लोक ते कापून, वाळवून चुलीत जाळत आले. पण त्याचा खरा उपयोग स्पंजासारखा. पावसाचे पाणी ते धरून ठेवते आणि ओढ्याला हळूहळू सोडते. पृथ्वीवरच्या जमिनीत अशा दलदली शंभरात तीनच भाग आहेत, पण जगातल्या सगळ्या जंगलांत मिळून नाही एवढा कार्बन त्यांत साठून आहे. आपल्याकडे दक्षिणेत नीलगिरीच्या उंच कुरणांत पीट सापडते.

"मग इथे का नाही?" धाकट्याने विचारले.

इथे चार महिने धो-धो पाऊस आणि नंतर आठ महिने कोरडे. घाटघर-रतनवाडीकडे चांगल्या वर्षी पाच हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो. पण उन्हाळ्यात सगळे वाळते, कुजते, वाळवी खाते, थर साठायला सवड मिळत नाही. खाली काळा कातळ, त्याच्या भेगांत मुरेल तेवढेच पाणी मुरते. तेव्हा स्पंजाचे काम करायला उरते ती झाडाखालची माती, मुळे आणि पालापाचोळा. भाची म्हणाली, "मामा, आपलं पीट म्हणजे हे जंगलच." आम्ही ते ऐकून घेतले आणि पुढे निघालो. तेव्हा त्यात विशेष काही वाटले नाही.

शेवटी लोखंडी शिड्या आहेत. वहिनी पहिल्या शिडीपाशी बसल्या त्या उठेनात. कोणी आग्रह केला नाही, एक जाऊ त्यांच्यासोबत थांबली. बाकीचे वर गेलो, कातळाला आरपार पडलेले नेढे पाहिले, त्यातून येणारा वारा अंगावर घेतला. अलंग, मदन, कुलंग समोर उभे, आणि खाली तो तलाव. सुमारे अकरा टीएमसीचे धरण, काठोकाठ भरलेले.

खरी हकीकत उतरतानाची आहे. एका वाडीच्या वरच्या अंगाला दगडात बांधून घेतलेला छोटा झरा होता. तिथे डबे सोडले. जेवण झाल्यावर पुतण्याने पिशवीतून साबण काढला आणि ताटल्या झऱ्याच्या काठी मांडल्या. तेवढ्यात वाडीकडून एक म्हातारी हंडा घेऊन वर आली आणि लांबूनच ओरडली, "पान्याला हात नका लावू!"

वाचकहो, हे शब्द आमच्या घरांत कोणाला नवे नाहीत. आमच्या आजोबांनी ते ऐकले, आईने ऐकले. त्याच शब्दांवरून २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळीत पाणी घेतले. पुतण्याचा चेहरा लाल झाला. तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, "का? आम्ही कोण आहोत म्हणून?"

म्हातारी जवळ आली. तिने हंडा खाली ठेवला. "तुमी कोन ते मला काय ठावं?" ती म्हणाली. "साबनाचं म्हनते मी, बाबा. खाली लेकरं पितात हेच."

कोणाला काही बोलता येईना. साबणाचा फेस आधीच एका ताटलीवरून ओघळून झऱ्याच्या पाण्यात उतरत होता. चवदार तळ्याची हकीकत आम्ही सभांतून पंचवीस वर्षे सांगत आलो. आणि इथे दुसऱ्याचे पिण्याचे पाणी आम्हीच बाटवत होतो, आणि वर भांडायला उभे राहिलो होतो. पुतण्याने साबण खिशात घातला. "आजी, चुकलं," एवढेच तो म्हणाला.

आजीला राग नव्हताच. मोठी मंडळी निघून गेली की प्लास्टिक तिलाच उचलावे लागते, एवढे तिने सांगितले. मग वहिनींशी तिचे जमले. ताटल्या कशा घासायच्या ते तिने दाखवले. हंड्याने पाणी घेऊन वीस-पंचवीस पावले बाजूला जायचे, चुलीतली राख नाहीतर माती लावायची, आणि धुतलेले पाणी झाडाच्या बुंध्याशी ओतायचे. बोलता बोलता म्हणाली, होळीनंतर हा झरा करंगळीएवढा होतो, मग रात्री उठून वाटीवाटीने हंडा भरायचा. पूर्वी असे नव्हते. वरच्या अंगाची झाडी दोनदा वणव्यात गेली तेव्हापासून पाणी लवकर आटते. भाचीने आमच्याकडे पाहिले.

आम्ही खाली बोट केले. तिथून तलाव दिसत होता. "एवढं पाणी आहे की, आजी."

"ते खालच्यांचं," ती म्हणाली.

कारकुनाच्या डोक्यात लगेच जमाखर्च सुरू होतो. पाऊस जमा झाला वरच्या वाडीवर, साठला तलावात, आणि खर्च पडला खाली राहुरी, श्रीरामपूरकडच्या उसाच्या नावे. जिच्या उतारावरून ते वाहत गेले तिच्या खात्यावर करंगळीएवढी धार. आमच्या ऑफिसात असा ताळेबंद कोणी मांडला तर साहेब सही करायचे नाहीत.

पुतण्याने आजीचा हंडा भरला आणि उचलून तिच्या दारापर्यंत नेला. कारवीच्या कुडाचे घर, शेणाने सारवलेले, अंगणात भात वाळत घातलेला. तिने आम्हांला कोरा चहा पाजला. पाणी त्याच हंड्यातले.

घरी आल्यावर आईने विचारले, "मोळी आणली का?" आम्ही तिला झऱ्याची हकीकत सांगितली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्या बाईला एक मोठा हंडा नेऊन द्या."

होळीनंतर आम्ही पुन्हा जाणार आहोत. वाडीची माणसे यंदा वरच्या अंगाला जाळरेषा काढणार आहेत, त्यांना चार हात लागतील. जीपमध्ये अजून तीन जागा आहेत. येणाऱ्याने विळा आणावा आणि साबण घरी ठेवावा.