घराबाहेरची प्रत

घरच्या सर्व्हरची एक प्रत घराबाहेर ठेवायची तर त्यासाठी कोणतं यंत्र घ्यावं, यावर हल्ली तरुण मंडळी तासन् तास बोलू शकतात. माझं मत त्यांना जुनाट वाटेल. घरात हवं तेवढं हुशार यंत्र ठेवा. बाहेरच्या प्रतीसाठी मात्र जितकं साधं मिळेल तितकं घ्या. शक्यतो वीज, इंटरनेट आणि पुण्याचा मुलगा, या तिघांवाचूनही चालेल असं.

आधी 'घराबाहेर' म्हणजे कुठे ते पाहू, कारण घोळ तिथेच होतो. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि पाण्यानं अंबाझरी ले-आउट, डागा ले-आउट, कॉर्पोरेशन कॉलनीतल्या लोकांना झोपेतच गाठलं. माझ्या एका सहशिक्षकाचा संगणक टेबलाखाली होता आणि बॅकअपची डिस्क त्याच खोलीतल्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात. दोन्ही एकाच चिखलातून निघाले. दुसरी प्रत होती, दुसरी जागा नव्हती. आणि दुसरी जागा म्हणजे चार गल्ल्या पलीकडचं बहिणीचं घरही नव्हे. एकाच नदीकाठची दोन घरं मी एकच जागा धरतो. २१ जून २०१२ ला मंत्रालय पेटलं तेव्हाही, एकाच इमारतीत ठेवलेले कागद एका दुपारीत कसे जातात हे साऱ्या महाराष्ट्रानं पाहिलं.

खरं तर हे विदर्भातल्या माणसाला कुणी शिकवायला नको. आपल्या रिद्धपूरला तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या लीळा माणसामाणसाला विचारून लिहून काढल्या. पुढे खिलजीच्या स्वारीच्या धामधुमीत मूळ पोथी गेली. मग ज्यांना जेवढं पाठ होतं त्यावरून ती पुन्हा लिहिली गेली, आणि म्हणून लीळाचरित्राचे इतके पाठभेद. आपल्याच नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेल्या डॉ. वि. भि. कोलत्यांनी हस्तलिखितं जमवून त्या ग्रंथाची संपादित आवृत्ती काढली. एक पोथी वेळेवर दुसऱ्या गावी असती तर केवढे कष्ट वाचले असते! (अर्थात पाठ करणारी माणसं होती म्हणून निदान एवढं तरी राहिलं. माझ्या ओव्या आता कुणालाच पाठ नाहीत.)

हो, ओव्या. माझ्या घरी सर्व्हर कशाला, असं पुष्कळ जण विचारतात. ब्रह्मपुरीकडे नोकरीला होतो तेव्हा आसपासच्या खेड्यांतल्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या आणि दंडारीची गाणी कॅसेटवर घेतली होती. अस्सल झाडीबोली. त्यातली एकही बाई आज हयात नाही. सगळं मुलानं संगणकावर घेऊन दिलं, शाळेची हस्तलिखितं आणि जुने फोटोही घातले. मिळून चारशे जीबी भरतं. टीव्हीखाली एक छोटी पेटी आहे, तीत हे सारं राहतं.

मुलाचं म्हणणं होतं, अमरावतीला भाच्याकडे दोन डिस्कांची तयार पेटी बसवू, ती रात्री आपोआप प्रत घेईल. "बाबा, आता कोणी हातानं डिस्क नेतं का?" मला ते पटलं नाही. दोन डिस्कांची जोडी म्हणजे बॅकअप नव्हे. एकीवरची फाइल चुकून पुसली की दुसरीवरचीही त्याच क्षणी पुसली जाते. ती जोडी फक्त एक डिस्क बिघडली तरच उपयोगाची. शिवाय पेटी आली म्हणजे तिला सतत वीज हवी, पंखा हवा, सुधारणा घालायला माणूस हवा. भाचा नवरा-बायको दोघं नोकरीला. मे महिन्यात घर दिवसभर बंद, बाहेर पंचेचाळीस अंश. त्या बंद खोलीत यंत्र चालू ठेवायला माझा जीव धजत नाही. आणि आपल्याकडच्या बऱ्याच ब्रॉडबँडवर बाहेरून थेट घरच्या यंत्राशी जोडताच येत नाही, कारण एकच पत्ता कंपनी अनेक घरांत वाटते. त्यावर उपाय आहेत, मुलाला ते येतातही. पण मग ते त्याच्यावाचून चालत नाहीत.

हिशेबही साधा आहे. चारशे जीबी २० एमबीपीएसनं वर चढवायला न थांबता जवळजवळ दोन दिवस लागतात. एसटीनं अमरावती काही तासांची.

म्हणून मी दोन बाहेरच्या हार्ड डिस्का घेतल्या, अडीच इंची, यूएसबीवरच चालणाऱ्या, वेगळा अडॅप्टर नको अशा. एकाच वेळी एकाच दुकानातून दोन्ही सारख्या घ्यायच्या नाहीत, एवढं पथ्य पाळलं. एका घाणीचं तेल सारखंच निघतं. एक इथे, एक अमरावतीला लोखंडी कपाटात, पहिल्या मजल्यावर, झाकणाच्या डब्यात आणि सोबत ओलावा शोषणारी पुडी. चार महिन्यांनी अदलाबदल. एसएसडी घे, पडली तरी फुटत नाही, असं एकानं सुचवलं. पण ती विजेवाचून फार काळ पडून राहिली तर तिच्यातलं विरत जाऊ शकतं, आणि माझी डिस्क पडूनच राहायची आहे.

यात उणीव आहे ती झाकत नाही. अमरावतीची प्रत चार महिन्यांपर्यंत शिळी असते. माझ्या ओव्या शिळ्या होत नाहीत, म्हणून मला चालतं. ज्याचं काम रोज बदलतं, दुकानाचे हिशेब, विद्यार्थ्यांचे गुण, त्याला पलीकडे चालतं यंत्र लागेलच. त्यानंही नवी पेटी घेण्याआधी घरातला जुना लॅपटॉप पाहावा. बॅटरी धड असेल तर वीज गेल्यावर तो काही वेळ तग धरतो, त्याला स्वतःचा पडदा आणि कळफलक असतो, आणि काही अडलं तर फोनवरून भाच्याला "काय लिहून आलं ते वाच" असं सांगता येतं. रासबेरी पायची छोटी पाटी स्वस्त आणि गोड आहे, पण लहानशा कार्डावर चालवली आणि वीज अवेळी गेली की ते कार्ड बिघडू शकतं, आणि पडद्यावाचून भाचा काय वाचणार? मात्र फुगलेल्या बॅटरीचा लॅपटॉप कुणाच्या घरी ठेवू नका, ते जिवाशी आहे.

राहिला कुलपाचा प्रश्न. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळा लिपीत लिहिले, आणि पंथाबाहेरच्यांना ते शतकानुशतकं वाचता येईनात, अगदी राजवाड्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती लिपी उलगडेपर्यंत. माझ्यानंतर माझ्या पासवर्डासाठी कोण राजवाडे बसणार आहे? म्हणून ओव्यांच्या डिस्कला कुलूपच लावलेलं नाही. बँकेचे कागद तीवर नाहीत.

भाच्याच्या आठवीतल्या मुलीला डिस्क लावायला शिकवलं आहे. दर फेरीला ती मनाला येईल ती एक फाइल उघडून ऐकते, तेवढीच आमची तपासणी. मागल्या खेपेला ओवीच्या मध्येच कोंबडा आरवला. "आजोबा, हा कोंबडा कोणाचा?" तिनं विचारलं. गाणाऱ्या बाईच्या जावेचा होता. ते मी आता फाइलीच्या नावात लिहून ठेवलं आहे.