गोलंदाज म्हणजे फक्त क्रिकेटवाला?

‘गोलंदाज’ म्हटलं की आजच्या पोरांच्या डोळ्यांसमोर बुमराह येतो. त्यात पोरांचा दोष नाही. पण हा शब्द मुळात तोफ डागणाऱ्या माणसाचा. २८ सप्टेंबर १८२७ रोजी बॉम्बे फूट आर्टिलरीच्या गोलंदाज बटालियनची एक कंपनी उभी राहिली. तिचीच पुढे ५ (बॉम्बे) माउंटन बॅटरी झाली, आणि म्हणून भारतीय तोफखाना २८ सप्टेंबरला ‘गनर्स डे’ पाळतो. देशाच्या तोफखान्याचा वाढदिवस आपल्या मुंबई इलाख्यातल्या पलटणीवरून ठरला. किती मराठी घरांत हे माहीत आहे?

माझं भांडण याच्याशीच आहे. आपल्या लेखी तोफ म्हणजे किल्ल्यावरची, गंज चढलेली, पोरांना वर बसवून फोटो काढायची वस्तू. सोलापूरच्या शाळांच्या सहली विजापूरला जातात. तिथली मलिक-ए-मैदान १५४९ साली अहमदनगरला ओतलेली, वजन सुमारे ५५ टन. मुलं ते पाठ करतात. पण १९१४ नंतरच्या तोफांबद्दल विचारा, सगळे गप्प! फार तर कोणीतरी ‘बोफोर्स’ म्हणतं आणि हसतं.

आता थोडं फळ्यावर लिहिल्यासारखं सांगते. विसाव्या शतकातल्या तोफा ढोबळमानाने चार प्रकारच्या. पहिली ‘गन’: नळी लांब, गोळा वेगाने आणि बराचसा सपाट जातो. रशियन १३० मिमी तोफ ही अशी. दुसरी हॉवित्झर: गोळा उंच चढून डोंगरापलीकडे उतरतो, म्हणून पहाडी मुलुखात तिला पर्याय नाही. तिसरी उखळी तोफ, म्हणजे मॉर्टर: आखूड नळी, जवळचा पल्ला, पायदळाच्या सोबत फिरणारी. चौथा प्रकार रॉकेटचा: रशियन ग्राड, किंवा पुण्याच्या पाषाणमधल्या एआरडीई या संस्थेने घडवलेलं पिनाका. गंमत बघा, ‘उखळी तोफ’ हा नेमका शब्द मराठीत तयार असताना आपल्या बातम्या सगळ्यालाच ‘तोफगोळे’ म्हणून मोकळ्या होतात.

या सगळ्याच्या मुळाशी १८९७ सालची फ्रेंच ७५ मिमी तोफ. तिच्या आधी प्रत्येक बारानंतर अख्खा गाडा मागे ढकलला जायचा आणि पुन्हा नेम धरावा लागायचा. या तोफेत नळी तेवढी मागे जाऊन परत जागेवर येते, गाडा हलत नाही. मिनिटाला पंधराच्या आसपास गोळे सुटू लागले. पहिल्या महायुद्धात बंदुकीच्या गोळीपेक्षा तोफगोळ्यांनी जास्त माणसं मारली ती यामुळे. मारणाऱ्याला मरणारा दिसत नव्हता.

‘आत्या, यात शौर्य कसलं? लांबून गोळे तर टाकायचे!’ असं आमच्याच घरातला एक पदवीधर मला म्हणाला. त्याला हवालदार उमराव सिंग यांची गोष्ट सांगायला हवी. डिसेंबर १९४४, ब्रह्मदेशातलं कलादान खोरं. माउंटन बॅटरीची तोफ त्यांच्या ताब्यात. जपानी सैनिक तोफेवर चालून आले, दारूगोळा संपला, तेव्हा या माणसाने पहारीसारखा लोखंडी दांडा घेऊन तोफ राखली. जखमांनी बेशुद्ध होऊन ते तोफेजवळच सापडले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आपण तलवारींचे स्टेटस ठेवतो, हे नाव आपल्या गावीही नसतं.

आता बोफोर्स. मार्च १९८६ चा करार, ४१० तोफा, १४३७ कोटी रुपये. १९८७ मध्ये स्वीडिश रेडिओने लाचेची बातमी फोडली. दलाली कुणी खाल्ली याचा जाब मागायलाच हवा होता, त्यात दुमत नाही. पण आपण माणसांचा गुन्हा तोफेच्या माथी मारला. त्याच तोफेने १९९९ मध्ये कारगिलच्या शिखरांवर मारा केला. त्या युद्धात आपल्या तोफखान्याने अडीच लाखांवर गोळे आणि रॉकेट डागले. तो मारा नसता तर चढून जाणाऱ्या पोरांपैकी आणखी किती परत आली नसती? आणि तरी परदेशातून नवी हॉवित्झर यायला २०१७ साल उजाडलं. घोटाळ्याच्या भीतीने निर्णय टाळणं हाही एक गुन्हाच, फक्त त्याचा खटला चालत नाही.

कोणी म्हणेल, आजी रणचंडी झाल्या! उलट आहे. मे २०२५ मध्ये इथे पंख्याखाली बसून ‘उडवा त्यांना’ लिहिणारे मी पाहिले. त्याच दिवसांत पूंछमध्ये पाकिस्तानी तोफगोळ्यांनी डझनभराहून जास्त नागरिक मारले, त्यात लहान मुलंही होती. गोळा फुटला की त्याचे तुकडे चहूकडे उडतात, ते घर आणि शाळा बघत नाहीत. ज्याला हे माहीत आहे तो ‘उडवा’ इतक्या सहज लिहीत नाही. अज्ञानातूनच युद्धाची हौस येते.

तेव्हा माझं म्हणणं साधं आहे. देवळालीचं स्कूल ऑफ आर्टिलरी आपल्याच राज्यात आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये के-९ वज्र आणि एम-७७७ या नव्या तोफा तिथेच सैन्यात दाखल झाल्या. सोलापूर, सातारा, सांगलीची पोरं भरतीला जातात, त्यातली काही तोफखान्यात लागतात. त्यांच्या आईबापांना मुलगा नेमकं काय करतो हे कळायला नको? अकरावीच्या भौतिकशास्त्रात प्रक्षेपकाचं गणित असतंच. त्याच तासाला हॉवित्झर आणि उखळी तोफ यांतला फरक सांगायला दहा मिनिटं पुरतात. आणि पुढची दहा मिनिटं तो गोळा जिथे पडतो तिथल्या माणसांबद्दल बोलावं. पहिली दहा मिनिटं देणारे शिक्षक सापडतील, दुसरी देणारे मला हवेत.