स्टॅन्ले चषक आणि प्रेक्षकांचें वेड

स्वतः मैदानांत न उतरतां दुसऱ्यांच्या जयापजयासाठीं झोंप घालविणाऱ्या मनुष्यास वडील मंडळी सहसा वेडगळ म्हणतात. आम्हांस हें मत पुरतें मान्य नाहीं. आणि तें कां, हें सांगण्यासाठीं आम्ही मुद्दाम दूरचें, बर्फावरील हॉकीचें उदाहरण घेतों.

इ. स. १८९२ मध्यें कॅनडाचे गव्हर्नर-जनरल लॉर्ड स्टॅन्ले यांनीं एक रुप्याचा चषक देऊं केला. त्या चषकासाठीं आज कॅनडा व अमेरिका येथील १६ धंदेवाईक संघ दरवर्षीं वसंत ऋतूंत झुंजतात. फेऱ्या चार, प्रत्येक फेरींत एकाच प्रतिपक्ष्याशीं सातांपैकीं चार सामने जिंकावयाचे, म्हणजे चषकास हात लागण्यापूर्वीं १६ विजय! एका दिवसाच्या दैवावर येथें भागत नाहीं. १९४२ सालीं टोरोंटोचा संघ अंतिम फेरींत डेट्रॉइटकडून पहिले तीन सामने ओळीनें हरला, आणि पुढील चारही जिंकून चषक घेऊन गेला.

बरोबरी झाली तर वीस-वीस मिनिटांचे डाव लागोपाठ खेळावयाचे. पहिला गोल होतांच सामना संपला. १९३६ च्या मार्च महिन्यांत माँट्रिअल येथें डेट्रॉइट व मरून्स या संघांचा सामना नेहमींच्या ६० मिनिटांवर आणखी ११६ मिनिटें ३० सेकंद चालला, तेव्हां कोठें ब्रूनेटो नांवाच्या खेळाडूनें त्यांतला एकुलता एक गोल केला. रात्रीचे दोन वाजून गेले होते. अशा वेळीं बांकावर बसलेल्याचा ऊर धडधडला नाहीं, तर त्यास ऊर आहे कीं नाहीं याचीच आम्हांस शंका येईल.

चाहत्यांचे चाळे अनेक आहेत. संघ स्पर्धेंत टिकून आहे तोंवर खेळाडू दाढी करीत नाहींत, म्हणून चाहतेही करीत नाहींत. डेट्रॉइट येथें १९५२ पासून बर्फावर ऑक्टोपस फेंकण्याची रीत पडली. कारण त्या काळीं चषकास आठच विजय लागत, आणि त्या प्राण्यास पायही आठ! (बाजारांतून मेलेला जलचर आणून फेंकणें आम्हांस कांहीं रुचत नाहीं.) परंतु टोरोंटोच्या चाहत्याकडे पाहावें. त्याच्या संघानें १९६७ सालीं चषक जिंकला. पुढें २०२५ पर्यंत एकदांही नाहीं. बापाची आशा मुलाकडे आली, तरी दर वसंतांत तो निळा सदरा घालून बसतोच. जिंकणाऱ्यामागें धांवणें सोपें. ही निष्ठा सोपी नव्हे.

तेव्हां पालकांनीं मुलास "सामने कां पाहतोस?" असें न विचारतां "आपला संघ हरला तेव्हां काय केलेंस?" असें विचारावें. फेरी संपतांच जेते व पराभूत रांगेनें एकमेकांचे हात हातीं घेतात, अशी या खेळाची जुनी चाल आहे. १५ जून २०११ रोजीं व्हँकूव्हर येथें अंतिम फेरीचा सातवा सामना बोस्टननें ४–० असा जिंकला, तेव्हांही खेळाडूंनीं ती पाळली. बाहेर मात्र जमावानें गाड्या जाळल्या, दुकानें फोडलीं. दुसऱ्या दिवशीं त्याच शहरांतील शेंकडों नागरिक झाडू घेऊन रस्त्यांवर आले, आणि फुटलेल्या कांचांच्या जागीं ठोकलेल्या फळ्यांवर त्यांनीं आपल्या हातानें क्षमेचे शब्द लिहिले.