घरच्या घरी केमिकल पील: अमेरिकेचा इशारा आपल्यालाही लागू

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जुलै २०२४ मध्ये ग्राहकांना सावध केले: तीव्र केमिकल पील तज्ज्ञांच्या देखरेखीशिवाय विकत घेऊ नका, वापरू नका. ट्रायक्लोरोॲसेटिक, ग्लायकोलिक, सॅलिसिलिक आणि लॅक्टिक ॲसिडची अशी द्रावणे तिथे ऑनलाइन विकली जात होती. त्यांनी त्वचा भाजू शकते. आपल्याकडेही अशा बाटल्या मोबाईलवरून घरपोच येतात, आणि तिशीतही मुरुमे न थांबलेल्यांना त्यांचा मोह पडतो.

पीलमुळे त्वचेचा वरचा थर निघतो, बुजलेली छिद्रे मोकळी होतात. सॅलिसिलिक ॲसिड तेलात विरघळते, म्हणून तेलकट त्वचेच्या छिद्रांत ते चांगले उतरते. फेसवॉशमध्ये ते साधारण २ टक्के असते, दवाखान्यातील पीलमध्ये २० ते ३० टक्के.

पण टक्क्यांवरून अर्धेच कळते. ग्लायकोलिक ॲसिडच्या द्रावणाचा पीएच जितका कमी, तितका त्याचा परिणाम तीव्र. त्यामुळे ‘३० टक्के’ लिहिलेल्या दोन बाटल्यांची ताकद वेगळी असू शकते. शिवाय हे पील वेळेवर निष्प्रभ करावे लागते. डॉक्टरांचे लक्ष घड्याळाकडे आणि त्वचेच्या बदलत्या रंगाकडे, दोन्हीकडे असते. आरशासमोर एकट्याने हे जमत नाही. (‘फ्रूट ॲसिड’ हे गोड नाव ऐकून गाफील राहू नका, तेही ॲसिडच.)

गव्हाळ आणि सावळ्या त्वचेला धोका जास्त, कारण जळजळ झाली की ती जास्त रंगद्रव्य तयार करते. मुरुम काही दिवसांत बसतो. पीलने पडलेला काळा डाग महिनोन् महिने राहतो.

दवाखान्यातील पीलकडूनही फार अपेक्षा नको. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ डर्मटॉलॉजीच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत मुरुमांसाठी पीलची शिफारस करण्याइतका पुरावा मिळालेला नाही. बेंझॉइल पेरॉक्साइड आणि रेटिनॉइड मलमांची मात्र ठाम शिफारस आहे. माझ्या मते पील ही जोड आहे, मुख्यतः ब्लॅकहेड्स-व्हाइटहेड्ससाठी. हनुवटीवर पाळीच्या आधी मुरुमे येत असतील, पाळी अनियमित असेल, तर आधी हार्मोन्सचा विचार व्हायला हवा.

पील करायचेच असेल तर गर्भारपण, ॲस्पिरिनची ॲलर्जी, वारंवार येणारी नागीण किंवा आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या यांबद्दल डॉक्टरांना आधी सांगा. घरी लावलेल्या पीलने आग होऊ लागली, तर लगेच भरपूर साध्या पाण्याने धुवा. फोड आले किंवा डोळ्यात गेले, तर धुऊन त्याच दिवशी दवाखाना गाठा.