डिस्क प्लेअर आणि दोन भोंगळ मतं

पिंपरी-चिंचवडमध्ये रावेत, पुनावळे, मोशी या बाजूला गेल्या काही वर्षांत जे टॉवर उठले, त्यांतल्या बऱ्याच घरांत एक खोली ‘थिएटर’ म्हणून राखलेली असते. गडद भिंती, प्रोजेक्टर नाहीतर मोठा टीव्ही, पुढे तीन स्पीकर, मागे दोन, कोपऱ्यात सबवूफर. सेकंड शिफ्ट करून आलेला माणूस मध्यरात्री आवाज बारीक करून तिथे तासभर बसतो. या खोलीसाठी डिस्क प्लेअर कोणता घ्यावा असं कोणी विचारलं, की दोन मतं हमखास कानावर पडतात. एक, डिस्क केव्हाच मेली, सगळं ओटीटीवर आहे, प्लेअर हवाय कशाला? दुसरं, घ्यायचाच तर सगळ्यात महागडा घ्या, चित्र आणि आवाज दोन्ही खुलतात. मला दोन्ही मतं भोंगळ वाटतात, आणि दोन्हींचा दोष एकच आहे. सल्ला देणाऱ्याने ना विचारणाऱ्याचं कपाट उघडून बघितलेलं असतं, ना प्लेअरची वायर पुढे कशात जाणार आहे याची चौकशी केलेली असते.

पहिल्या मताचं खरं तेवढं आधी मान्य करू. नवा मराठी सिनेमा बघायला डिस्क उपयोगाची नाही. चैतन्य ताम्हाणेंचा ‘द डिसायपल’ २०२१ साली नेटफ्लिक्सवर आला, लोकांनी तो तिथेच पाहिला. केवळ असे सिनेमे बघायचे असतील तर प्लेअर घेऊ नका, विषय संपला.

पण ‘ओटीटीवरही फोर-के, डिस्कवरही फोर-के, मग फरक काय?’ हा युक्तिवाद चालू देण्यासारखा नाही. फोर-के हा फक्त ठिपक्यांचा आकडा झाला, ३८४० आडवे आणि २१६० उभे. ते ठिपके भरायला सेकंदाला किती माहिती येते, हा वेगळा हिशेब. नेटफ्लिक्स फोर-केसाठी सेकंदाला १५ मेगाबिटचं कनेक्शन पुरे म्हणतं. फोर-के ब्लू-रेमध्ये १०० जीबीपर्यंत माल बसतो आणि तिचा वेग सेकंदाला १०० मेगाबिटच्याही वर जाऊ शकतो. साध्या ब्लू-रेवर नुसत्या चित्रालाच ४० मेगाबिटपर्यंत मुभा आहे. यावर कोणी म्हणेल, नव्या कॉम्प्रेशनमध्ये कमी बिटांत जास्त काम भागतं. भागतं की! पण फोर-के डिस्कही तेच नवं कॉम्प्रेशन वापरते. भर उन्हातल्या दृश्यात हा फरक फारसा जाणवणार नाही. धुकं, धूर, पाऊस किंवा मिणमिणत्या दिव्यातली भिंत पडद्यावर आली, की ओटीटीच्या चित्रात अंधाराचे पट्टे पडलेले दिसतात.

आवाजात तफावत आणखी मोठी. ओटीटीवरचा अ‍ॅटमॉस डॉल्बी डिजिटल प्लसमधून, म्हणजे काटछाट होऊन येतो. डिस्कवर तोच सहसा डॉल्बी ट्रूएचडीमध्ये असतो. तो अँपमध्ये उलगडला की डिस्क बनवताना जो मूळ ट्रॅक भरला होता, त्याच्याशी बिटला बिट जुळतो. टीव्हीच्याच स्पीकरवर ऐकणाऱ्याला याचं काही नाही. ज्याने सहा डबे आणि अँप यांवर हप्ते बांधून घेतले, त्याने मात्र ‘डिस्क मेली’ म्हणताना थोडं थांबावं.

आता कपाट. निगडी, आकुर्डी, संभाजीनगर इथल्या जुन्या घरांत टीव्हीखालचा खण उघडा. मराठी नाटकांच्या व्हीसीडी निघतील, दोन-दोन, तीन-तीन डिस्कच्या, कारण एका व्हीसीडीत जेमतेम सव्वा तास बसतो. मोझर बेअरने २००७ साली व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली, तेव्हा हौसेने घेतलेले सिनेमे निघतील. आणि तळाशी प्लॅस्टिकच्या पाकिटात फोटो स्टुडिओने दिलेली लग्नाची डीव्हीडी. तिच्यावर नवरा-नवरीचा फोटो छापलेलं कागदी लेबल चिकटवलेलं, त्याची कड आता उचलली गेलेली. शेजारी मार्करने ‘मुंज, भाग २’ लिहिलेली आणखी एक. यातलं काय ओटीटीवर मिळणार आहे?

प्लेअरची खरी परीक्षा या खणात आहे, हॉलिवुडच्या चकचकीत डिस्कवर नाही. व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं, आणि अनेक नवे ब्लू-रे प्लेअर व्हीसीडी वाचतच नाहीत. मॅन्युअलमधली ‘चालणाऱ्या डिस्क’ची यादी पैसे मोजण्याआधी बघायची, नंतर नव्हे. लग्नाची डीव्हीडी कारखान्यात छापलेली नसते, रंगद्रव्याच्या थरावर लेसरने जाळून लिहिलेली असते. तो थर वर्षागणिक फिका पडतो आणि उचललेल्या लेबलामुळे डिस्क फिरताना डगमगते. एक प्लेअर ती मुकाट वाचतो, दुसरा ‘नो डिस्क’ म्हणून बाहेर ढकलतो, आणि यात किमतीचा काही संबंध नसतो. नाटकांच्या डीव्हीडीची गोष्ट आणखी वेगळी. व्हिडिओ कॅमेऱ्यावर चित्रित झालेलं बरंच नाटक सेकंदाला ५० अर्ध्या चित्रांत साठवलेलं असतं. ती अर्धी चित्रं नीट सांधली नाहीत तर हात उंचावणाऱ्या नटाच्या बाहीला कंगव्यासारखे दाते फुटतात. हे सांधणं प्लेअर करतो किंवा टीव्ही. दोघांतला जो बरं करतो त्याच्याकडे ते काम सोपवावं, एवढंच.

आता महागड्यांचे भोक्ते. यांच्यासाठी लेक्सिकॉनची गोष्ट पुरेशी आहे. २०१० च्या सुरुवातीला लेक्सिकॉन या नावाजलेल्या अमेरिकी कंपनीचा बीडी-३० हा ब्लू-रे प्लेअर साडेतीन हजार डॉलरला विकला जात होता. परीक्षणासाठी कोणीतरी त्याचं झाकण उघडलं, तर आत ५०० डॉलरचा ओप्पो बीडीपी-८३ निघाला. नुसते सुटे भाग नव्हेत, सांगाड्यासकट अख्खा प्लेअर. चाकणला याचं फार नवल वाटू नये. फोक्सवॅगनच्या इथल्या कारखान्यातून व्हेंटो आणि स्कोडाची रॅपिड एकाच सांगाड्यावर बाहेर पडत होत्या, हे तिथल्या कामगारांना तोंडपाठ होतं. पण त्या दोन गाड्यांच्या किमतीत सातपट फरक नव्हता.

लेक्सिकॉनचं बिंग फुटलं ते झाकण उघडल्यामुळे. चित्र बघून ते सांगणं अवघडच होतं. प्लेअर डिस्कवरचं चित्र उलगडतो आणि एचडीएमआयमधून ते डिजिटल स्वरूपातच पुढे जातं. साधी ब्लू-रे साध्या एचडी टीव्हीवर लावली आणि दोन्ही प्लेअर धडधाकट असले, तर महागड्याचं चित्र ‘जास्त खुलतं’ हे सांगणाऱ्याने प्लेअर बदलताना डोळ्यांवर पट्टी बांधून घ्यावी. म्हणजे मग कोणता लावलाय हे त्याला कळणार नाही.

याचा अर्थ ‘कोणताही घ्या’ असा काढला तर तेही चूकच. प्लेअर-प्लेअरमध्ये फरक असतो, पण तो किमतीच्या पाटीवर लिहिलेला नसतो. प्लेअरच्या एका टोकाला तुमच्या डिस्क आणि दुसऱ्या टोकाला तुमच्या खोलीतलं सर्वांत कच्चं यंत्र, ही दोन टोकं नक्की केली की मधला प्लेअर बराचसा आपोआप ठरतो.

प्रोजेक्टरचंच बघा. एचडीआर, म्हणजे उजेड-अंधाराची मोठी पट्टी दाखवणारी डिस्क बनवताना प्रकाशाची कमाल हजार किंवा चार हजार निटपर्यंत धरलेली असते. घरगुती प्रोजेक्टरचा पडदा शंभराच्या आसपास घुटमळतो. ती झेप कोणीतरी खाली आणून बसवावी लागते. प्रोजेक्टर ते ओबडधोबड करतो, आणि मग दिवसाची दृश्यं काळवंडतात. पॅनासॉनिकच्या यूबी-८२० सारख्या प्लेअरमध्ये हे काम प्लेअर स्वतः करतो आणि पुढे प्रोजेक्टर आहे की टीव्ही, हे त्याला सांगताही येतं. इथे जास्तीचा पैसा कामी येतो. तोच प्लेअर उत्तम टीव्हीला जोडला तर यातला निम्मा गुण वाया जातो, कारण ते काम टीव्ही स्वतःच नीट करतो.

टीव्हीवाल्यांनी वेगळी पाटी वाचावी. एचडीआरच्या प्रकारांपैकी सॅमसंगचे टीव्ही डॉल्बी व्हिजन घेत नाहीत, एचडीआर-१०-प्लस घेतात. एलजीचं नेमकं उलट. सोनीचे एक्स-७०० आणि एक्स-८००-एम-२ डॉल्बी व्हिजन देतात, पण डिस्कप्रमाणे ते मेनूत जाऊन हाताने चालू-बंद करावं लागतं. घरातले वडीलधारे हे करत बसणार नाहीत, आणि का करावं? एचडीआर-१०-प्लस तर त्यांत नाहीच. म्हणजे सॅमसंग टीव्हीवाल्याने सोनीच्या डॉल्बी व्हिजनसाठी पैसे मोजणं हा निव्वळ दानधर्म.

सगळ्यात जास्त पैसा पाण्यात जातो तो आवाजाच्या वायरीत. बहुतेक लोक प्लेअर टीव्हीला जोडतात आणि टीव्हीपासून साउंडबारला एआरसीची, म्हणजे टीव्हीतला आवाज बाहेर नेणारी वायर नेतात. साध्या एआरसीतून ट्रूएचडी जातच नाही, त्याला ईएआरसी लागतो, तो टीव्ही आणि बार दोघांनाही. मग डिस्क घेऊनही आवाज ओटीटीच्याच दर्जाचा राहतो आणि दोष प्लेअरला मिळतो. अँप जुना असेल, फोर-के पुढे जाऊ देत नसेल, तर तो विकू नका. दोन एचडीएमआय आउट असलेला प्लेअर घ्या, एक वायर थेट टीव्हीत चित्रासाठी, दुसरी अँपमध्ये फक्त आवाजासाठी. हे दुसरं भोक अँपचा लाखभर खर्च वाचवतं, पण पुष्कळदा दुकानदारालाच ते कशासाठी आहे हे ठाऊक नसतं. घरात पोराचा डिस्कवाला प्लेस्टेशन ५ असेल तर तो फोर-के डिस्क चालवतो. त्यात डॉल्बी व्हिजन नाही आणि गाण्यांची सीडीही तो वाजवत नाही. एवढं चालत असेल तर आणखी खरेदी कशाला?

चाकणच्या इंजिनिअरांसाठी एक खास सूचना. जर्मनीला डेप्युटेशनवर गेलेला सहकारी तिथून स्वस्तात प्लेअर आणि डिस्क आणतो. ब्लू-रेच्या नकाशात भारत ‘सी’मध्ये, जर्मनी ‘बी’मध्ये, अमेरिका ‘ए’मध्ये. डीव्हीडीच्या नकाशात आपण ५, जर्मनी २, अमेरिका १. तिकडची कुलूपबंद डिस्क इकडच्या प्लेअरवर चालत नाही, आणि इकडची तिकडच्यावर. आपल्या बऱ्याच डीव्हीडी सर्व विभागांसाठी खुल्या असतात आणि फोर-के डिस्कला विभागच नाही, म्हणून फक्त फोर-के बघणाऱ्याला जर्मन प्लेअर बिनधास्त चालेल. अमेरिकेहून येणाऱ्याच्या पाठीवर आधी व्होल्ट वाचा. तिथली वीज १२० व्होल्टची, आपली २३०ची. नुसतं प्लगचं रूप बदलून भागत नाही.

राहिला प्रश्न जुन्या प्लेअरचा, कारण नव्यांची बाजारपेठ आटते आहे. ओप्पोने एप्रिल २०१८ मध्ये, सॅमसंगने २०१९ मध्ये आणि एलजीने २०२४ च्या अखेरीस या धंद्यातून अंग काढून घेतलं. त्यामुळे वापरलेला ओप्पो यूडीपी-२०३ काही लोक नव्याच्या वर किंमत देऊन घेतात, सुटे भाग मिळणार नाहीत हे माहीत असूनही. ही हौस आहे, तिला शहाणपण म्हणू नये. मायक्रॉनमध्ये काम करणाऱ्या टूलरूमवाल्यांना हे लगेच पटेल: सीडीवर दोन रेघांमधलं अंतर १.६ मायक्रॉन, डीव्हीडीवर ०.७४, ब्लू-रेवर ०.३२. मोशी-चिखलीच्या बांधकामांची धूळ दहा वर्षं खाल्लेली लेन्स या रेघा किती दिवस धरून ठेवेल?

जुना घ्यायचाच तर पुण्यात तपकीर गल्लीत जाताना किंवा पिंपरी कॅम्पात शिरताना खिशात तीन डिस्क ठेवा: लग्नाची डीव्हीडी, नाटकाची व्हीसीडी आणि असेल ती सर्वांत लांब ब्लू-रे. पहिल्या दोन्ही सुरुवातीपासून लावा. ब्लू-रे शेवटच्या वीस मिनिटांवर न्या, मग थेट पहिल्या प्रसंगावर आणा, आणि झाकणाला कान लावा. घरघर ऐकू आली, किंवा लग्नाच्या डिस्कवर वरमाळेच्या क्षणी चित्र थिजलं, तर तो खाली ठेवून पुढच्या गाळ्यात जा. तीन डिस्क लावून बघायला दुकानदार कुरकुर करू लागला, तर तो प्लेअर चालवून बघायचंही कारण नाही.