'माहिती दिली' म्हणजे शिकवलं नव्हे



३४ वर्षं पॅरिशच्या शाळेत मी गणित शिकवलं. 'सांगणं' आणि 'शिकवणं' यातला फरक आपल्याला कळतो, असं वाटत होतं. गेल्या पावसाळ्यात तो नव्याने कळला, तोही इन्सुलिनच्या सिरिंजवरून.

पत्नीला दवाखान्यातून घरी सोडताना सकाळी २० युनिट इन्सुलिन लिहून दिलं. सिस्टरने उभ्याउभ्याच टोचून दाखवलं, कागदावर माझी सही घेतली आणि पलीकडच्या बेडवरून हाक आली तशी ती धावली. आठवड्याने सिरिंजा संपल्या, मी कोपऱ्यावरच्या दुकानातून नव्या आणल्या. आधीच्यांचं टोपण लाल होतं, यांचं नारिंगी. मला काय त्याचं! पण साखर चढतच गेली. पुन्हा दवाखाना गाठला तेव्हा उलगडा झाला. बाटली ४०ची आणि नारिंगी टोपणाची सिरिंज १००ची. २०च्या रेघेपर्यंत भरलं तरी अंगात ८च युनिट जात होतं. गणिताच्या मास्तरच्या घरात ही गत! उलटं झालं असतं, बाटली १००ची आणि सिरिंज ४०ची, तर अडीचपट गेलं असतं. तो विचारही नको वाटतो.

रागाच्या भरात मी एका जुन्या विद्यार्थिनीला फोन केला. ती दुसऱ्या गावी नर्स आहे. म्हणाली, "सर, त्या सिस्टरवर रागावू नका. आमच्या वॉर्डात ३२ पेशंट आणि आम्ही दोघी. सगळे डिस्चार्ज एकाच वेळी निघतात. सलाईन, इंजेक्शनं, फाईल, कॉम्प्युटर, नातेवाईकांचे प्रश्न. 'रुग्णाला माहिती दिली' अशी एक चौकट असते, तिथे आम्ही टिक करतो. समजलं का, ते विचारायला वेळच नसतो."

मी गप्प झालो. ६० पोरांचा वर्ग, फळा नाही आणि दर दोन मिनिटांनी घंटा, अशा शाळेत मी तरी काय शिकवलं असतं?

इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषाप्रमाणे साध्या वॉर्डात ५ रुग्णांमागे एक नर्स हवी, मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात तर ३ रुग्णांमागे एक. पगाराचंही तेच रडगाणं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६च्या निर्देशानंतर नेमलेल्या समितीने लहान खासगी रुग्णालयांतही किमान २० हजार रुपये पगार सुचवला होता. तेवढाही न मिळणारी पोर नोकरी सोडून जाते. तिच्या जागी येणारी नवखी मुलगी स्वतःच अजून शिकत असते, ती दुसऱ्याला काय शिकवणार?

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की रुग्णाला शिकवणं हे ड्यूटीतलं काम म्हणून मोजलं जावं. त्यासाठी ड्यूटीच्या तक्त्यात वेळ असावा, बसायला दोन खुर्च्या असाव्यात. शेवटी रुग्णाकडूनच म्हणवून घ्यावं, "आता तुम्ही मला सांगा, कसं घेणार?" वर्गात आपण हेच करत होतो ना? माहितीचा कागदही घरात वाचता येईल अशा भाषेत असावा. आमच्या बेळगावात मराठी, कन्नड, कोकणी, उर्दू अशी सगळी घरं आहेत. हा भाषेचा वाद नाही, औषधाचा प्रश्न आहे.

आपल्या समाजातल्या कितीतरी मुली या पेशात आहेत, आणि आपल्या धर्मभगिनींनीही दवाखाने उभे केले आहेत. मिस्सेत आजाऱ्यांसाठी प्रार्थना होते. त्यांची सेवा करणाऱ्यांच्या ड्यूटीची चौकशीही आपणच करायला हवी. आपल्या लोकांच्या हातात असलेल्या दवाखान्यांनी आधी स्वतःचा तक्ता तपासावा, मग सरकारला विचारावं.

आणि वाचकहो, घरी इन्सुलिन असेल तर आजच बाटलीवरचा आणि सिरिंजवरचा आकडा जुळवून बघा. जुळत नसेल तर टोचण्याआधी डॉक्टरांना किंवा सिस्टरला विचारा. ती घाईत असली तरी विचारा.

– एक निवृत्त शिक्षक, बेळगाव